फुटपाथवरचा मनोरुग्ण कोणाचा?

आमच्या शाळेसमोर एक पूल आहे. त्या पुलाखाली गेली अडीच-तीन वर्षं एक माणूस राहतो. वय पस्तीस-चाळीसच्या आसपास. केसांच्या जटा झालेल्या, भर उन्हाळ्यातही अंगावर दोन-दोन स्वेटर, आणि तोंडाने अखंड पुटपुट. मोहल्ल्यात त्याला सगळे 'मस्ताना' म्हणतात. कोणी वडापाव देतं, रमजानमध्ये कोणी इफ्तारीची प्लेट ठेवून जातं, आणि पोरंटोरं दगडही मारतात. त्या दगडांमुळेच आम्हा शिक्षकांचा त्याच्याशी संबंध आला. आठवीच्या तीन मुलांना ऑफिसात बोलावून आम्ही समज दिली. त्यातला एक जण मान खाली घालून म्हणाला, "सर, उसका कोई नहीं है ना, इसलिए सब मारते हैं. वो किसका है?"

मुलगा उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि बीएडला मानसशास्त्राचा अख्खा पेपर देऊन पास झालेल्या आम्हाला उत्तर देता येईना. हा माणूस कोणाचा? घरच्यांचा? पोलिसांचा? हॉस्पिटलचा? महापालिकेचा? की मस्जिदीबाहेर उभ्या असलेल्या आपणा सर्वांचा?

मग आम्ही दोघे-तिघे मिळून पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न आला, "तुम्ही त्याचे कोण?" म्हटलं, कोणी नाही. "मग सही कोण करणार?" असं करत तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी एका विद्यार्थ्याचे वकील वडील सोबत आले, त्यांनी कायद्याचं कलम काढून दाखवलं, तेव्हा गाडी हलली. त्या माणसाला इलाजासाठी नेण्यात आलं.

साधारण दीड महिन्याने तो परत आला. केस कापलेले, अंगात स्वच्छ शर्ट. आम्हाला पाहून त्याने सलाम केला, आपलं नाव सांगितलं, आपल्या जिल्ह्याचं नाव सांगितलं. खिशात गोळ्यांचं पाकीट आणि पुढच्या तारखेचा कागद होता. पण परत आला तो पुलाखालीच, कारण दुसरी जागा नव्हती. पंधरा दिवसांत गोळ्या संपल्या. कागद पावसात भिजला. तारीख निघून गेली. आम्हीही परीक्षेच्या गडबडीत होतो, हे कबूल करायला हवं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच स्वेटर आणि तीच पुटपुट.

इलाज झाला होता. डॉक्टरांनी आपलं काम केलं होतं. तरीही माणूस होता तिथेच आला. या लेखात आम्हाला एवढंच मांडायचं आहे की आपल्याकडे मनोरुग्णांसाठी कायदा आहे, हॉस्पिटल आहे, गोळ्याही आहेत, पण हॉस्पिटलचं गेट आणि फुटपाथ यांच्या मधलं घर नाही. ते घर नसेल तर बाकी सगळा खर्च पाण्यात जातो.

आधी एक गैरसमज दूर करू

बेघर म्हणजे वेडा, हे समीकरण चुकीचं आहे. रस्त्यावर झोपणाऱ्यांत बहुसंख्य लोक राबणारे असतात. नाक्यावरचे मजूर, हमाल, कॅटरिंगच्या कामावर जाणारी पोरं, कचरा वेचणाऱ्या बायका. दिवसभर कमावतात, पण शहरातलं भाडं त्यांच्या आवाक्यात नाही. त्यांच्यातला एक भाग मानसिक आजाराने ग्रासलेला असतो, आणि त्याची अवस्था सर्वांत वाईट असते, कारण तो मागूही शकत नाही, भांडूही शकत नाही, रांगेत उभाही राहू शकत नाही.

हा आजार आणि ही बेघरी एकमेकांना खतपाणी घालतात. स्किझोफ्रेनियासारखा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. कानात आवाज येतात, संशय वाढतो, नोकरी सुटते. घरचे आधी झाडफूक करतात, मग कंटाळतात. एके दिवशी मुलगा घराबाहेर पडतो आणि मिळेल त्या गाडीत बसतो. देशभरातल्या गाड्या मुंबईत येऊन थांबतात, म्हणून उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, तेलंगणातली हरवलेली माणसं आपल्या फलाटांवर दिसतात. उलट बाजूही आहे. धडधाकट माणूस वर्षभर फुटपाथवर झोपला, रोज रात्री हाकलला गेला, मार खाल्ला, झोप नाही, पोटात अन्न नाही, मग नशा लागली, तर त्याचं मन किती दिवस ठिकाणावर राहील?

किती माणसं आहेत अशी? २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली होती. ती संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार निघाली, त्यातले ९ लाख ३८ हजार शहरांमधले. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक, आणि मुंबईत ५७ हजारांच्या वर. संस्था-संघटना म्हणतात की खरा आकडा याहून बराच मोठा आहे, कारण एका रात्रीत पुलाखालचा, गटाराच्या पाइपातला माणूस मोजणं सोपं नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे आजची धोरणं पंधरा वर्षांपूर्वीच्या एका रात्रीच्या मोजणीवर उभी आहेत. त्यातले मनोरुग्ण किती, हे तर त्या मोजणीतून वेगळं कळतच नाही.

कायदा काय म्हणतो?

ज्या कलमामुळे पोलिसांची गाडी हलली ते मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम १०० आहे. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार लोकांना तरी ते पाठ असायला हवं. आपल्या हद्दीत कोणी माणूस भटकताना दिसला, आणि तो मानसिक आजारी आहे व स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं मानायला कारण असेल, तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणे अंमलदाराचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवायचं नाही. तो बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. "सही कोण करणार" हा प्रश्न या कलमात कुठेच नाही.

याच कायद्याचं कलम १८ सांगतं की गरीब, निराधार किंवा बेघर मनोरुग्णाला सरकारी आणि सरकारी अनुदानावरच्या संस्थांत इलाज पूर्ण मोफत मिळायला हवा, मग त्याच्याकडे बीपीएल कार्ड असो वा नसो. कलम १९ त्याहून महत्त्वाचं आहे. केवळ घरचे नाहीत, घरचे घेत नाहीत, किंवा राहायला जागा नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. अशा माणसांसाठी समाजात राहून जगता येईल अशी निवासस्थानं, म्हणजे हाफवे होम आणि ग्रुप होम उभी करणं सरकारवर बंधनकारक आहे. कलम ९५ नुसार मनोरुग्णाला साखळदंडात बांधणं, कोणत्याही स्वरूपात, हा गुन्हा आहे.

हा प्रवास लहान नव्हे. इंग्रजांनी १९१२ साली जो कायदा केला होता त्याच्या नावातच 'लुनसी' हा शब्द होता. त्या कायद्याला वेड्यापासून समाज सांभाळायचा होता. १९८७ चा कायदा थोडा पुढे आला, पण त्याचा भर माणसाला हॉस्पिटलात कसं भरती करायचं यावरच राहिला. २०१७ च्या कायद्याने पहिल्यांदा रुग्णाला हक्कदार मानलं. कागदावर आपण बऱ्याच देशांच्या पुढे आहोत. मग पुलाखालचा माणूस तिथेच का?

खाटा, पैसा आणि माणसं

महाराष्ट्रात राज्य सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. चौघांच्या मंजूर खाटा मिळून साधारण ५,७०० होतात. राज्याची २०११ ची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे वीस हजार माणसांमागे जेमतेम एक खाट. बेंगळुरूच्या निमहान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे साडेदहा टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत इलाज पोहोचत नव्हता. याच पाहणीत असंही दिसलं की महानगरांत आजाराचं प्रमाण गावांपेक्षा जास्त आहे.

सगळ्यांना खाटेची गरज नसते, हे खरं. बहुतेकांचा इलाज बाह्यरुग्ण विभागात होऊ शकतो. त्यासाठीच १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. पण केंद्राच्या आरोग्य बजेटमध्ये मानसिक आरोग्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास असतो, आणि त्यातलाही मोठा भाग निमहान्ससारख्या मोठ्या संस्थेकडे जातो. जिल्ह्याच्या हाती उरतं ते किती? २०२२ मध्ये 'टेलीमानस' ही हेल्पलाइन सुरू झाली. १४४१६ हा तिचा नंबर, तो जरूर लिहून ठेवा. घरात कोणाला त्रास असेल तर उपयोग होतो. पण पुलाखालच्या माणसाकडे फोन नाही, आणि असता तरी तो कुठे लावायचा हे त्याला सुचलं नसतं.

आता घराचा प्रश्न. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा. पुढे केंद्राने शहरी बेघर निवारा योजनाही आणली. त्या हिशेबाने मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. आज त्याच्या जवळपासही आपण नाही. जे आहेत त्यांतही रात्री आठ ते सकाळी आठ झोपण्यापलीकडे व्यवस्था क्वचितच असते. रात्री ओरडणारा, कपडे ओले करणारा माणूस तिथला केअरटेकर किती दिवस ठेवेल? त्याला तसं प्रशिक्षण नाही, डॉक्टर येत नाही. तो दार बंद करतो. त्याच्या जागी आम्ही असतो तरी कदाचित तेच केलं असतं.

आणि खाती पाहा. मनोरुग्णालय आरोग्य खात्याचं. निवारा नगरविकास खात्याचा. भिक्षेकरी गृह महिला व बालविकास खात्याचं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि पेन्शन आणखी तिसरीकडे. रस्त्यावरून उचलणं गृह खात्याचं. माणूस एकच, पण त्याचा एकेक तुकडा एकेका खात्याच्या फाइलमध्ये. पूर्ण माणूस कोणाच्याच टेबलावर नाही.

आजारी की गुन्हेगार?

या घोळात सर्वांत जुनी चूक म्हणजे मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९. या कायद्यात भीक मागणं म्हणजे फक्त हात पसरणं नव्हे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक ठिकाणी भटकतोय, तर तोही 'भिकारी' या व्याख्येत बसतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची त्यात तरतूद आहे. म्हणजे त्याच पुलाखालचा तोच माणूस २०१७ च्या कायद्यासाठी रुग्ण आणि १९५९ च्या कायद्यासाठी गुन्हेगार. कोणतं कलम लागणार हे गाडीतून उतरणाऱ्या शिपायाच्या समजुतीवर. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये तिथे लागू असलेल्या या कायद्याची शिक्षेची कलमं घटनाबाह्य ठरवली. सुप्रीम कोर्टानेही २०२१ मध्ये भीक मागण्यावर बंदी घालायला नकार देताना, कोणी हौसेने भीक मागत नाही, अशा आशयाची भूमिका घेतली. हा कायदा जिथे जन्मला त्या महाराष्ट्रात मात्र तो अजून पुस्तकात आहे.

त्याचा परिणाम २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आला. बऱ्या झालेल्या रुग्णांना घर नाही म्हणून त्यांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवलं जात होतं. हे ताबडतोब थांबवा, असा आदेश कोर्टाने महाराष्ट्र सरकारला दिला. त्याआधी २०१७ मध्येच कोर्टाने सगळ्या राज्यांना बऱ्या झालेल्यांसाठी पुनर्वसनाची घरं उभारायला सांगितलं होतं. मुंबई हायकोर्टातही एका मनोविकारतज्ज्ञांच्या जनहित याचिकेवर, बरे झालेले रुग्ण वर्षानुवर्षं रुग्णालयातच का पडून आहेत, याची सुनावणी झाली. म्हणजे आत असलेला बाहेर येऊ शकत नाही आणि बाहेर असलेल्याला आत जागा मिळत नाही. दोन्हीचं कारण एकच. मधलं घर नाही.

अमेरिकेने हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर केली. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त लोक होते. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींनी कायदा करून सांगितलं की ही मोठी रुग्णालयं हळूहळू कमी करू आणि वस्तीवस्तीत मानसिक आरोग्य केंद्रं काढू. रुग्णालयं रिकामी झाली, पण ठरवलेल्या केंद्रांपैकी बरीचशी कधी उभीच राहिली नाहीत. पुढे घरंही महागली. त्या माणसांतले अनेक जण फुटपाथवर आणि जेलमध्ये पोहोचले. आज तिथे पुन्हा बेघरांना जबरदस्तीने भरती करण्याची भाषा सुरू आहे. आपल्याकडे रुग्णालयं बंद झाली नाहीत, कारण मुळात ती फारशी उघडलीच नव्हती. पण निष्कर्ष सारखाच. दार उघडताना पुढचं घर बांधलेलं नसेल तर त्या सुटकेला अर्थ राहत नाही.

"नाव सांग, आधार दाखव"

हा विषय फक्त आरोग्याचा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन घटना आठवाव्यात. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या नीमच जिल्ह्यात मानसिकदृष्ट्या कमकुवत असलेले एक वृद्ध गृहस्थ वाट चुकले. एका माणसाने त्यांना थपडा मारत, तुझं नाव मोहम्मद आहे का, आधार दाखव, असं विचारल्याचा व्हिडिओ देशाने पाहिला. त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. नंतर त्यांचा मृतदेह सापडला. ते जैन होते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या सुंदर नगरीत एका मुस्लिम तरुणाला चोरीच्या संशयावरून खांबाला बांधून मारण्यात आलं, त्यात तो गेला. त्याची मानसिक स्थिती ठीक नव्हती, असं घरच्यांनी सांगितलं.

एक जैन, एक मुसलमान. दोघांनाही आपण कोण हे सांगता आलं नाही, हा त्यांचा गुन्हा. आणि आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून पाच भटक्या भिक्षुकांना जमावाने ठार केलं, ते आजारीही नव्हते. फक्त अनोळखी आणि बेघर होते. ज्या समाजात अनोळखी माणसाकडे आधी कागद मागितला जातो, तिथे मनोरुग्ण सर्वांत आधी मरतो. मनोरुग्ण हिंसक असतो अशी आपली समजूत. प्रत्यक्षात तो मारणारा कमी आणि मार खाणारा जास्त असतो. बाईमाणूस असेल तर रस्त्यावरच्या रात्री काय असतात, हे लिहायची गरज नाही.

आपल्या अंगणात पाहू

सरकारवर बोट ठेवणं सोपं. आता थोडं स्वतःकडे. ६ ऑगस्ट २००१ ची पहाट. तामिळनाडूतल्या एरवाडी इथे प्रसिद्ध दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. तिथे ठेवलेल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. त्यांना पळता आलं नाही. या आगीत २८ जणांचा बळी गेला. तो निवारा दर्ग्याचा नव्हता, काही लोकांनी पैशासाठी थाटलेला धंदा होता, हे खरं. पण घरच्यांनी त्या माणसांना तिथे आणून सोडलं होतं ते दर्ग्याच्याच भरवशावर. सुप्रीम कोर्टाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली. तरीही २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूंमधून अशाच साखळ्यांची तक्रार कोर्टात गेली, आणि कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की हे अमानुष आहे.

आपल्या घरांत आजही पहिला शब्द निघतो 'असर', 'साया', 'जिन्न'. दुआ मागणं, दम करून घेणं, याने घरच्यांना धीर येतो. त्यावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो दुआच्या नावाखाली इलाज टाळण्यावर, आणि कंटाळा आला की माणूस दर्ग्यावर किंवा स्टेशनवर सोडून येण्यावर. ज्याची अक्कल ठिकाणावर नाही त्याच्यावर नमाज-रोजा फर्ज नाही, हे मदरशातलं लहान पोरही सांगेल. अल्लाहने ज्याला हिशेबातून सूट दिली त्याला आपण मात्र शरमेची बाब मानतो. मुलीच्या रिश्त्यात अडचण येईल म्हणून घरातला आजारी भाऊ लपवतो.

यावर वाटही आपल्याच जागांतून निघाली आहे. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. देशभरातून लोक तिथे मनोरुग्णांना घेऊन येतात. २००८ च्या सुमारास तिथे एका संस्थेने आणि सरकारने 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू केला. मुजावरांना आजाराची लक्षणं शिकवली. येणाऱ्याला मुजावर सांगतात, दुआ इथे घ्या आणि त्या खोलीत डॉक्टर बसलेत, त्यांनाही दाखवा. मुजावरांचा मान राहिला, श्रद्धा राहिली आणि इलाजही सुरू झाला. महाराष्ट्रात ज्या दर्ग्यांवर अशी गर्दी होते तिथे हे का होऊ नये?

मधलं घर कसं असतं?

हे सगळं अशक्य नाही. कर्जतला 'श्रद्धा' ही संस्था आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये हे काम सुरू केलं. एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिताना त्यांनी पाहिलं. इलाजानंतर कळलं की तो शिकलेला, पॅथॉलॉजीचं काम जाणणारा मुलगा आहे, घर आंध्रात. तेव्हापासून त्यांनी हजारो माणसं रस्त्यावरून उचलून, बरी करून, थेट त्यांच्या गावी नेऊन पोहोचवली. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीतली खरी गोष्ट ही, की माणसाला गाडीत बसवून देत नाहीत, सोबत कोणीतरी घरापर्यंत जातं, घरच्यांना आजार समजावून सांगतं, गोळ्या कशा द्यायच्या ते दाखवतं.

पण सगळ्यांची घरं सापडत नाहीत. सापडली तरी सगळी घरं दार उघडत नाहीत. अशांसाठी चेन्नईच्या 'द बनयन' संस्थेने वेगळी वाट काढली. विशीतल्या दोन मुलींनी १९९३ मध्ये रस्त्यावरच्या आजारी बायकांसाठी ही संस्था सुरू केली. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या चार-पाच जणी मिळून साध्या वस्तीत एक भाड्याचं घर करतात, सोबतीला एक मदतनीस असते. त्या भाजी आणतात, स्वयंपाक करतात, शेजाऱ्यांशी भांडतात आणि गोडही होतात. 'होम अगेन' नावाचा हा प्रयोग आपल्या रत्नागिरीपर्यंत आला आहे. कलम १९ मध्ये लिहिलेलं घर ते हेच.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. एक, प्रत्येक महापालिकेने किमान एक निवारा खास मनोरुग्ण बेघरांसाठी ठेवावा, दिवस-रात्र चालणारा, जिथे आठवड्यातून एकदा तरी डॉक्टर येईल. महिन्यातून एकदा द्यायची इंजेक्शनं उपलब्ध आहेत, ज्याच्या गोळ्या हरवतात त्याच्यासाठी ती सोयीची पडतात. दोन, रुग्णालयातून सुटणाऱ्या बेघर माणसाच्या हातात नुसता तारखेचा कागद न देता त्याच्या नावावर एक जबाबदार कार्यकर्ता असावा. आधार आणि अपंगत्वाचं कार्ड रुग्णालयातच बनावं, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही मोडतो. तीन, भीक प्रतिबंधक कायदा मनोरुग्णाला लागू करणं बंद व्हावं. चार, कलम १०० मराठीत छापून प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावावं.

आणि एक मागणी आपल्या जमातीकडे. जकातीचे आठ हकदार आपल्याला तोंडपाठ आहेत. त्यात मिस्कीन आहे, घरापासून तुटलेला मुसाफिरही आहे. रमजानमध्ये राशन किट वाटणाऱ्या आपल्या कमिट्यांनी दोन-तीन खोल्या भाड्याने घेऊन एक असं घर चालवणं अशक्य आहे का? एकेकाळी दमास्कस आणि काहिरात वक्फच्या उत्पन्नावर शिफाखाने चालत, आणि त्यात मनोरुग्णांसाठी वेगळे वॉर्ड असत. तकरीरींत आपण त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. आपल्या शहरातल्या वक्फच्या रिकाम्या खोल्यांकडेही एकदा पाहायला हवं.

पुलाखालचा तो माणूस अजून तिथेच आहे. त्याने सांगितलेल्या जिल्ह्यात आम्ही ओळखीतून निरोप पाठवला आहे, अद्याप काही कळलेलं नाही. मागच्या जुम्याला मस्जिदीच्या बोर्डावर कलम १०० ची मराठी-उर्दू प्रत लागली, इमामसाहेबांनी ती वाचूनही दाखवली. शाळेत आम्ही आठवीच्या वर्गाला सांगितलं की त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे आणि दीनमध्येही आहे, ते अमलात आणणं बाकी आहे. तोच मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "मग सर, आपण परत पोलीस ठाण्यात कधी जायचं?"

येत्या शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, आम्ही जाणार आहोत.